कोकणातलं लाल शेवाळ पुण्याच्या लॅबपर्यंत कसं आणायचं

पुण्यात राहून समुद्रावर प्रोजेक्ट करायचा ना, मग आधी ओहोटी बघा, बाकी सगळं नंतर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जायचं, तेव्हा उधाणामुळे ओहोटीला पाणी लांबपर्यंत आत जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. वेळेचा कोकणातला हिशोब सोपाय, तिथीची पाऊणपट म्हणजे भरती, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे पहाटे सव्वापाच, म्हणजे ताम्हिणी रात्रीच उतरायचा. (मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय काही तोडू नका.)

शेवाळ उपटायचं नाही, कात्रीने वरचं कापायचं, बूड राहू दे. आणि धुवायचं समुद्राच्याच पाण्यात! मी पहिल्या वेळी शहाणपणा करून बाटलीतल्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं, तर थोड्या वेळाने पाणी गुलाबी, पेशी फुटून फायकोएरिथ्रिन (शेवाळाला लाल रंग देणारं प्रथिन) बाहेर, म्हणजे जे मोजायला एवढा घाट उतरलो तेच ओतून दिलं 😅

मग झिपलॉक, थर्माकोलचा डबा, बर्फ, मधे वर्तमानपत्र.

लॅबमध्ये वजन करून फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाका, उणे २० ला गोठवा, ४ अंशाला वितळवा, असं दोन-तीनदा, म्हणजे पेशी फुटून रंग बफरमध्ये येतो, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून गाळ खाली बसवा. वरचं पाणी गुलाबी आलं की स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) ५६५ नॅनोमीटरला रीडिंग घ्या, आणि ट्यूबला फॉइल गुंडाळा हं, उजेडात रंग उडतो.