वस्ती आणि शिक्षण यांच्या अभ्यासासाठी कागदपत्रे कशी निवडावीत

पुण्यातील वस्त्यांचा मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होतो हे अभ्यासायचे असेल, तर ‘मिळेल ते सारे जमवा’ हा सल्ला प्रथम बाजूला ठेवावा. त्यातून कपाट भरते, अभ्यास पुढे सरकत नाही. आपण ‘वस्ती’ म्हणजे प्रभाग, पेठ की झोपडपट्टी धरणार आहोत, हे लिहून काढूनच कागद मागायला जावे.

शाळांची पटसंख्या, शिक्षक आणि सुविधा यांसाठी यूडायस प्लस ही केंद्र सरकारची शाळांच्या माहितीची प्रणाली पुरेशी आहे. शाळेचा 11 अंकी क्रमांक मात्र प्रत्येक नोंदीपुढे लिहावा. दहावीचे निकाल शाळानिहाय घ्यावेत, कारण राज्य मंडळाच्या पुणे विभागात अहिल्यानगर आणि सोलापूर हे जिल्हेही येतात. ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची नेहमीची पाहणी ग्रामीण भागाची असते, तेव्हा शहराच्या अभ्यासात तिचे आकडे घुसडू नयेत.

खरी कसोटी सीमांची आहे, आणि या टप्प्याने मला सर्वाधिक दमवले. जनगणनेचे वॉर्डनिहाय आकडे 2011 चे आहेत; त्यानंतर 2012 आणि 2017 च्या महापालिका निवडणुकांसाठी प्रभागांची रचना बदलली, 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे हद्दीत आली. ही गावे 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या आकड्यांत सापडणारच नाहीत. ती हवेली आणि मुळशी तालुक्यांत शोधावी लागतात. म्हणून कोणताही तक्ता त्या वर्षीच्या नकाशाशिवाय स्वीकारू नये. क्रमांक तोच दिसला म्हणून प्रभागही तोच, असे मानणाऱ्याचे सारे निष्कर्ष संशयास्पद ठरतात.

याहून मोठा धोका पत्त्याचा. यूडायसची प्रसिद्ध आकडेवारी शाळा कोठे आहे ते सांगते, मूल कोठे राहते ते सांगत नाही. सदाशिव पेठेतील एखाद्या शाळेत सिंहगड रस्त्यावरून किंवा जनता वसाहतीतून मुले येत असतील, तर त्या शाळेचा निकाल सदाशिव पेठेच्या नावावर मांडणे चूकच. घराच्या पत्त्यासाठी शाळेतील प्रवेश अर्जच पाहावे लागतात. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि नाव वगळून केवळ इयत्ता, प्रवेशाचे वर्ष व वस्ती एवढेच उतरवावे. मुलांच्या नावांसकट छायाप्रती मागणाऱ्याला शाळेने दारातूनच परत पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के प्रवेशांच्या याद्या यासाठी मोहक वाटतात, कारण त्या प्रवेशांत घर ते शाळा हे अंतर विचारात घेतले जाते; पण त्यांत अर्ज करून निवड झालेलीच मुले असतात, संपूर्ण वस्ती नव्हे.

जे कोठेच प्रसिद्ध नाही, ते माहितीच्या अधिकारात मागावे. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता शाळा, इयत्ता आणि वर्ष नेमके नोंदवावे. उत्तरासाठी कायद्याने 30 दिवसांची मुदत आहे, त्यामुळे हा अर्ज बाकीची जमवाजमव सुरू करण्यापूर्वीच द्यावा.