माकडांची कॉमिक स्ट्रिप काढायचीय? आधी कपाळ आणि शेपूट बघा

माकडांची स्ट्रिप काढायला घेतली तेव्हा मला वाटायचं, गोंडस म्हणजे काय तर डोळे मोठे करायचे, झालं. पहिली पंधरा-वीस स्केचेस त्या नादात गेली आणि एकही माकड वाटेना, निम्मी अस्वलाची पिल्लं आणि निम्मी शेपूट लावलेली माणसांची पोरं, बरं डोळे अजून मोठे केले तर सगळी दचकल्यासारखी दिसायला लागली.

मग प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ सापडला. त्याने 1943 मध्ये मांडलंय की बाळासारखी ठेवण दिसली की आपल्याला आपोआप माया येते, म्हणजे अंगाच्या मानाने मोठं डोकं, भरपूर कपाळ, खाली आलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय. मला सगळ्यात जास्त कामाला आलं ते कपाळ. करून बघा, एक गोल काढा, डोळे आहेत त्याच साइजचे ठेवून फक्त मधल्या रेषेच्या खाली सरकवा आणि नाक-तोंड त्यांच्या अगदी जवळ आणा, वरची जागा मोकळी सोडा. तोच चेहरा एकदम तान्हा दिसायला लागतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तासभर नुसते गोल काढत बसले होते, इतका आनंद झाला होता.

पण इथेच एक पेच आहे. बाळाचे हात आखूड आणि माकडाचे लांब! हात आखूड केले की माकडपण जातं, लांब केले की बाळपण जातं. मला जमलेला मार्ग असा की धड आणि पाय आखूड ठेवायचे, हात लांबच पण सुतळीसारखे बारीक, आणि टोकाला पंजे जरा मोठे. उभं राहिल्यावर माझं माकड साधारण अडीच डोक्यांएवढं उंच भरतं. कान डोक्यावर नाही, बाजूला, डोळ्यांच्या रेषेत. कान वर गेले की परत अस्वल.

कॅरेक्टर्स वेगळी दिसावीत म्हणून टोप्या आणि रिबिनी लावू नका प्लीज, खरी माकडं बघा. एम्परर टॅमरिनला पांढऱ्या झुपकेदार मिशा असतात, सोनेरी आखूडनाक्या माकडाचा चेहरा निळसर असतो, डस्की लंगूरच्या डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असतात आणि त्याचं पिल्लू चक्क नारिंगी असतं! एका कॅरेक्टरला एकच अशी खूण द्या, बास.

शेपटीबद्दल मी जरा आग्रही आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना शेपूट नसतं, ते एप, म्हणजे माकडं नव्हेतच. आणि शेपटीने लटकणं हे फक्त अमेरिका खंडातल्या काही माकडांना जमतं, स्पायडर मंकी, हाउलर वगैरे, मॅकाक (आपलं लाल तोंडाचं माकड याच गटातलं) किंवा लंगूरचं शेपूट तोल सांभाळायला असतं. कॉमिकमध्ये हे मोडायची मुभा आहेच, पण माहीत असून मोडलं तर त्यातून गोष्टी निघतात. माझ्या तिघांपैकी एकालाच लटकता येतं, बाकी दोघांना त्याचा हेवा वाटतो, आणि कितीतरी स्ट्रिप्स मला त्या हेव्यातून मिळाल्यात.

हसू काढताना दात दाखवू नका. मॅकाक दात विचकतो तो बऱ्याचदा भीतीने किंवा नमतं घेताना, आणि वाचकालाही दातांची पूर्ण रांग उग्रच वाटते. तोंड थोडं उघडं, आत जिभेचा छोटा ठिपका, गाल वर ढकललेले, एवढ्यात काम होतं.

आता मेहनतीचं बोलते. चार पॅनल, तीन माकडं, म्हणजे एका स्ट्रिपमध्ये 12 माकडं, आठवड्याला एक स्ट्रिप धरली तरी वर्षाला 624. अंगभर केस काढायची हौस असेल तर हा आकडा आधी बघा. मी फक्त गालावर तीन फटकारे आणि डोक्यावर एक तुरा ठेवलाय. आणि मॉडेल शीट पहिल्या दिवशीच करा, समोरून, तिरकं, बाजूने, पाठीमागून, सोबत राग-रुसवा-भीती-आनंद असे सहा-सात चेहरे. मी सुरुवातीला केलं नव्हतं, विसाव्या स्ट्रिपपर्यंत धाकट्याचं शेपूट जवळजवळ दुप्पट झालं आणि एका वाचकाने विचारलं, हे नवीन माकड आहे का? फार लागलं मनाला. तेव्हापासून शीटवर लिहूनच ठेवलंय, शेपूट म्हणजे तीन डोकी.

शाई चढवायच्या आधी माकड पूर्ण काळं भरून दोन सेंटीमीटर एवढं लहान करून बघते. कोण आहे आणि काय करतोय हे त्या काळ्या डागावरून कळलं पाहिजे, नाही कळलं तर पोझ बदलते, चेहऱ्याला हात लावत नाही. परवा धाकट्याची रुसलेली पोझ काही केल्या कळेना, चार वेळा काढली, शेवटी त्याला वाचकाकडे पाठ करून बसवलं आणि शेपूट स्वतःच्याच पायांभोवती घट्ट गुंडाळलं, चेहरा दिसतच नाही, तरी रुसलाय हे लगेच कळतं.