टी-चाचणीचं उत्तर आलं. आता जर्नलमध्ये लिहायचं काय?

टी-चाचणी म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची चाचणी. मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तिची आकडेमोड कुणाला अडत नाही. अडतं ते जर्नलमधलं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीतलं, शेवटचं वाक्य. दरवर्षी तेच बघून कंटाळले, म्हणून लिहितेय.

समजा, वर्गातल्या १० जणांना वीस-वीस शब्द पाठ करायला दिले, एकदा शांततेत आणि एकदा गाणं लावून. अर्ध्यांना आधी शांतता, अर्ध्यांना आधी गाणं. याद्या वेगळ्या, पण सारख्याच अवघड.

पहिलं काम, प्रत्येकाचा फरक काढा: शांततेतले आठवलेले शब्द वजा गाण्यातले. हिशेबाला सोपे आकडे घेऊ: ३, −१, २, ०, ४, १, −२, ३, २, ०.

मग मध्यमान: १.२. प्रमाण विचलन: १.९३. भागताना १० नाही, ९ ने भागा. १.९३ ला १० च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी ०.६१. मध्यमानाला तिने भागलं की टी = १.९६. झालं.

एक्सेलमध्ये करत असाल तर टी-टेस्टच्या सूत्रात टेल्स २ आणि टाइप १ द्या. टाइप १ म्हणजे जोडीची चाचणी. माणसं तीच आहेत, त्यामुळे टाइप २ किंवा ३ इथे चूक.

आता टी-चा तक्ता. स्वाधीनता मात्रा (इथे १० वजा १) ९, सार्थकता पातळी ०.०५, दोन्ही बाजूंची चाचणी: टी किमान २.२६२ हवा. आपला टी त्याहून कमी, पी-मूल्य (पी) साधारण ०.०८.

इथेच गाडी रुळावरून घसरते.

मी स्वतः असाच निकाल आल्यावर जर्नलमध्ये लिहिलं होतं, 'गाण्याचा स्मरणावर परिणाम होत नाही.' व्हायव्हाला परीक्षकांनी विचारलं, "०.०८ म्हणजे काय?" मी ठोकून दिलं, "फरक योगायोगाने आल्याची शक्यता ८ टक्के." एकाच निकालावर दोन चुका, आणि दुसरी तर मी एका गाइडमधून तोंडपाठ केली होती.

पी-मूल्य सांगतं ते एवढंच: शांतता आणि गाणं यांत खरोखर काहीच फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक, कोणत्याही दिशेला, शंभरातून आठेक वेळा दिसला असता. सुरुवातीचं 'नसता तर' गाळलं की अर्थ उलटा होतो. फरक खरा असण्याची शक्यता ९२ टक्के, हे त्यातून निघत नाही.

पटत नसेल तर नाणं घ्या. सलग पाच छापे पडण्याची शक्यता ३२ मध्ये १, म्हणजे सुमारे ०.०३. तुमच्या खिशातल्या नाण्याने पाच छापे दिले तर तुम्ही म्हणाल, गंमतच आहे. जत्रेतल्या खेळवाल्याच्या नाण्याने दिले तर म्हणाल, नाण्यात खोट आहे. ०.०३ दोन्हीकडे तेच. नाणं खोटं असण्याची शक्यता ठरवायला नाणं कुठून आलं हेही लागतं, आणि ते पी-मूल्याला ठाऊकच नसतं.

आता पहिली चूक, 'परिणाम होत नाही' ही. शून्य परिकल्पना (म्हणजे 'फरक नाही' हे गृहीतक) फेटाळता आली नाही, म्हणजे ती सिद्ध झाली असं नव्हे. ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे माहितीशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा, काढा: १.२ मधून २.२६२ गुणिले ०.६१ वजा करा, मग मिळवा. येतं −०.१८ ते २.५८. म्हणजे या माहितीशी शून्य फरकही जुळतो आणि अडीच शब्दांचा फरकही. दहा जणांत याहून जास्त कळणार नव्हतंच. परिणाम किती मोठा ते सांगणारा कोहेनचा डी (मध्यमान भागिले प्रमाण विचलन) येतो ०.६२, जो त्यांच्याच ढोबळ मोजपट्टीवर (०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा) मध्यमच्या थोडा पुढे. याला 'परिणाम नाही' कसं म्हणणार?

आणि कृपा करून 'आणखी दोघींना बसवून बघू, ०.०५ च्या खाली येतंय का' हे करू नका. मैत्रिणी हा सल्ला प्रेमाने देतात, पण ती फसवणूकच. किती जण घ्यायचे ते आधी ठरवायचं. ०.०५ काही देवाने आखलेली रेघ नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवलेली मर्यादा आहे. ०.०४ ला पेढे आणि ०.०८ ला सुतक, असं करण्यात अर्थ नाही.

तर लिहा असं: 'शांततेत सरासरी १.२ शब्द जास्त आठवले, टी (९) = १.९६, पी = ०.०८, ९५ टक्के विश्वास अंतराल −०.१८ ते २.५८, डी = ०.६२. ०.०५ पातळीवर फरक सार्थ नाही; नमुना लहान असल्याने परिणाम नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.'

एसपीएसएसने (आकडेवारीच्या सॉफ्टवेअरने) पी ०.००० दाखवला तर तसाच उतरवू नका. '०.००१ पेक्षा कमी' लिहा.