देशोदेशींच्या श्रमशक्तीची तुलना: आकडे कोठून घ्यावेत आणि कसे वाचावेत

जगातील सर्वांत मोठी श्रमशक्ती चीनची, त्याखालोखाल भारताची, तिसरी अमेरिकेची आणि चौथी इंडोनेशियाची, हा क्रम कोणत्याही जागतिक यादीत सापडतो आणि तो बरोबरही आहे. मात्र त्याच यादीतील आकडे उचलून "भारताकडे अमेरिकेच्या साडेतीनपट कामकरी माणसे आहेत" असे विधान लेखात, अहवालात किंवा परीक्षेच्या उत्तरात करायचे असेल, तर त्या दोन आकड्यांत नेमके कोण मोजले गेले आहे हे आधी तपासावे लागते. ती तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि कोठे विशेष सावध राहावे, ते येथे सांगितले आहे. भारताच्या आकड्यावर मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण जागतिक तुलनेत सर्वांत जास्त वादाला जागा असलेला आणि सर्वांत जास्त माणसांवर परिणाम करणारा आकडा तोच आहे.

पहिले काम व्याख्या निश्चित करण्याचे. श्रमशक्ती म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे लोक आणि काम नसलेले, पण ते शोधत असलेले व मिळाल्यास करण्यास उपलब्ध असलेले लोक, यांची बेरीज. याचा अर्थ बेरोजगार माणूस श्रमशक्तीत मोडतो. काम शोधणे सोडून दिलेला माणूस, पूर्णवेळ विद्यार्थी, निवृत्त व्यक्ती आणि केवळ स्वतःच्या घरचे काम सांभाळणारी स्त्री मात्र मोडत नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते. त्यामुळे श्रमशक्तीचा आकार हा श्रमाच्या प्रमाणाचा निर्देशक नाही. जर्मनीत एक कामगार वर्षाला सरासरी साडेतेराशे तासांच्या आसपास काम करतो, तर मेक्सिकोत सुमारे बावीसशे तास. श्रमशक्तीच्या तक्त्यात मात्र दोघेही एकेकच मोजले जातात.

श्रमशक्ती आणि काम करण्याच्या वयाची लोकसंख्या या दोन गोष्टींची सरमिसळ बातम्यांत वारंवार होते, आणि चीनच्या बाबतीत ती सर्वाधिक होते. चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी विभागाने २०२३ च्या अखेरीस १६ ते ५९ वयोगटातील लोकसंख्या सुमारे ८६.५ कोटी दिली होती, तर प्रत्यक्ष रोजगारातील व्यक्ती सुमारे ७४ कोटी. जागतिक यादीत चीनची श्रमशक्ती साधारण ७७ ते ७८ कोटी दिसते. हे तिन्ही आकडे खरे आहेत. ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. चीनचा बेरोजगारीचा जो मुख्य दर दरमहा जाहीर होतो, तो केवळ शहरी भागाचा असतो हेही लक्षात ठेवावे. तो दर संपूर्ण देशाला लावून श्रमशक्ती काढली, तर उत्तर चुकते.

दुसरे काम स्रोत निवडण्याचे. अनेक देशांची तुलना करायची असेल, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आयएलओस्टॅट या संग्रहातील प्रारूपाधारित अंदाज घ्यावेत. ही संघटना देशोदेशीच्या पाहण्या एकत्र करून त्या १५ वर्षे व त्यावरील वयोगटाच्या एका मापावर आणते आणि ज्या वर्षी एखाद्या देशाने पाहणीच केली नाही, त्या वर्षाचा आकडा प्रारूपाच्या साहाय्याने भरून काढते. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरील 'एकूण श्रमशक्ती' हा निर्देशकही मुळात याच अंदाजांवर आधारलेला आहे. म्हणून एक आकडा जागतिक बँकेचा आणि दुसरा श्रम संघटनेचा घेऊन "दोन स्वतंत्र स्रोतांनी दुजोरा दिला" असे लिहिणे योग्य नव्हे. शिवाय हे अंदाज वेळोवेळी सुधारले जातात आणि त्या वेळी मागील वर्षांचे आकडेही बदलतात. गेल्या वर्षी उतरवून ठेवलेल्या तक्त्यात यंदाचा एक स्तंभ जोडला, तर दोन वेगळ्या प्रारूपांचे आकडे एकमेकांशेजारी बसतात आणि त्यांतील फरक वाढ किंवा घट म्हणून वाचला जातो. दर वेळी सर्व वर्षांची संपूर्ण मालिका एकाच दिवशी नव्याने उतरवून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

एकाच देशाचे चित्र बारकाईने पाहायचे असेल, तर मात्र त्या देशाची स्वतःची पाहणी अधिक उपयोगी पडते. अशा वेळी किमान वय प्रथम पाहावे. भारत, जपान, इंडोनेशिया व बांगलादेश १५ वर्षांपासून मोजतात. अमेरिका आणि ब्रिटन १६ पासून. ब्राझील १४ पासून. आणि पाकिस्तानची पाहणी १० वर्षांपासून. नॉर्वे, स्वीडन यांसारखे काही देश वरचीही मर्यादा घालतात आणि ७४ वर्षांपर्यंतच मोजतात. अमेरिकेच्या अधिकृत आकड्यात सैन्यदलातील सक्रिय सैनिक आणि कारागृहात किंवा संस्थांत राहणाऱ्या व्यक्ती धरलेल्या नसतात. तिचा २०२३ चा राष्ट्रीय आकडा सुमारे १६.७ कोटी आहे आणि आंतरराष्ट्रीय तक्त्यात तो १७ कोटींच्या जवळ दिसतो, तो अशा फरकांमुळे. अमेरिकेत घरच्या व्यवसायात विनावेतन मदत करणारी व्यक्ती आठवड्याला किमान १५ तास काम करत असेल, तरच रोजगारात धरली जाते. भारतीय शेतीला हा नियम लावला, तर काय होईल याचा विचार वाचकाने जरूर करावा.

आता भारताकडे वळू. आपल्याकडे पूर्वी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंचवार्षिक फेऱ्या होत. एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमशक्ती पाहणी, म्हणजेच पीएलएफएस, सुरू झाली. या पाहणीत एकाच माणसाची स्थिती दोन प्रकारे ठरवली जाते. 'नेहमीची स्थिती' ठरवताना मागील ३६५ दिवस पाहिले जातात, आणि ज्याने वर्षातील बहुतेक काळ काम केले नाही, पण ३० दिवस किंवा अधिक काळ एखादे दुय्यम काम केले, त्यालाही काम करणारा मानले जाते. 'चालू साप्ताहिक स्थिती'त मात्र केवळ मागील सात दिवस पाहिले जातात. सुगीत महिनाभर कापणीला जाणारी आणि एरवी घर सांभाळणारी स्त्री पहिल्या मोजणीत वर्षभर श्रमशक्तीत राहते. दुसऱ्या मोजणीत ती केवळ त्या महिन्यापुरती दिसते.

याचा आकड्यांवर होणारा परिणाम थक्क करणारा आहे. जुलै २०२३ ते जून २०२४ या काळात १५ वर्षे व त्यावरील लोकसंख्येचा श्रमशक्ती सहभाग दर, म्हणजे त्या लोकसंख्येपैकी श्रमशक्तीत मोडणाऱ्यांची टक्केवारी, नेहमीच्या स्थितीनुसार ६०.१ टक्के होता. जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचना बदलून दरमहा आकडे देणे सुरू झाले, आणि पहिल्या मासिक पत्रकात एप्रिल २०२५ चा दर साप्ताहिक स्थितीनुसार ५५.६ टक्के आला. काळ आणि रचना दोन्ही वेगळी असल्याने या दोन दरांची थेट वजाबाकी करून सहभाग घटला असे म्हणणे चूक ठरेल. परंतु भारतात १५ वर्षांवरील लोक शंभर कोटींहून अधिक असल्यामुळे येथे दरातील एक टक्का म्हणजे एक कोटीहून जास्त माणसे होतात. साडेचार टक्क्यांचे अंतर म्हणजे जवळपास पावणेपाच कोटी माणसे, आणि संपूर्ण जर्मनीची श्रमशक्ती साधारण साडेचार कोटींची आहे. एखाद्या यादीत भारतापुढे ६० कोटी आणि दुसरीत ६५ कोटी दिसले, तर त्यांतील एक खोटी आहे असे समजण्याऐवजी दोघांनी कोणती स्थिती व कोणते वर्ष घेतले आहे ते शोधावे.

दुसरी अडचण छेदाची, म्हणजे ज्या लोकसंख्येवर टक्केवारी काढली तिची, आहे. पीएलएफएसच्या अहवालात मुख्यतः दर आणि टक्केवारी दिलेली असते. माणसांची संख्या आपल्याला काढावी लागते. त्यासाठी १५ वर्षांवरील अंदाजित लोकसंख्येला सहभाग दराने गुणायचे आणि शंभराने भागायचे. ती लोकसंख्या साधारण १०८ कोटी धरली, तर ६०.१ टक्क्यांनी सुमारे ६५ कोटी येतात. पण हे १०८ कोटीच २०११ च्या जनगणनेवरून पुढे नेलेल्या अंदाजांसारख्या आधारावर उभे आहेत, कारण त्यानंतर जनगणना झालेली नाही आणि पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तोवर भारताच्या श्रमशक्तीचा आकडा लिहिताना 'सुमारे' हा शब्द सोडू नये आणि कोटीच्या पुढे दशांश देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्यांची संख्या ४८.२ कोटी होती. तीत काम शोधणारे बेरोजगार नसल्यामुळे तिला श्रमशक्ती म्हणून आजच्या आकड्याशेजारी ठेवू नये.

तिसरा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा स्त्रियांच्या कामाचा आहे. नेहमीच्या स्थितीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग दर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. ग्रामीण भागात तो २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत झालेली ही वाढ नोकऱ्यांतील वाढ म्हणून वाचू नये, कारण तिच्यात स्वयंरोजगाराचा वाटा फार मोठा आहे आणि त्या सदरात घरच्या शेतीत किंवा व्यवसायात विनावेतन मदत करणाऱ्या स्त्रियाही येतात. पाहणीत या मदतनीस स्त्रियांना २१ हा सांकेतिक क्रमांक आहे आणि त्या श्रमशक्तीत मोजल्या जातात. केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीला ९२ क्रमांक मिळतो, आणि घरकामासोबत घरच्या वापरासाठी सरपण, भाजीपाला, वैरण गोळा करणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला ९३. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीबाहेरचे आहेत. मराठवाड्यातील एखाद्या वाडीत सकाळी गोठा आवरून, दुपारी घरच्याच रानात खुरपणी करून, संध्याकाळी जळणाचा भारा आणणारी बाई यांपैकी कोणत्या क्रमांकात जाईल, हे बऱ्याचदा प्रगणकाने प्रश्न कसा विचारला आणि उत्तर घरातील कोणी दिले यावर ठरते. तिचे काम तेवढेच असते. देशाच्या श्रमशक्तीत मात्र ती कधी असते, कधी नसते.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. २०१३ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काम आणि रोजगार या संकल्पना वेगळ्या केल्या आणि मुख्यतः स्वतःच्या घरी खाण्यासाठी धान्य पिकवणाऱ्यांना रोजगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले. भारतात घरच्या वापरासाठी केलेले शेतीउत्पादन अजूनही आर्थिक कार्यात धरले जाते. आफ्रिकेतील काही देशांनी नवी व्याख्या स्वीकारली, तेव्हा त्यांची श्रमशक्ती कागदावर एकदम आकसली, कारण पोटापुरती शेती करणारी लाखो कुटुंबे मोजणीतून वगळली गेली. अशा देशाच्या दोन वर्षांची तुलना करण्याआधी व्याख्या कधी बदलली हे त्याच्या पाहणी-अहवालाच्या पद्धतीविषयक प्रकरणात पाहावे.

पद्धत बदलल्याने आकडा किती उलटापालटा होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण नायजेरियाचे आहे. तेथे आठवड्याला २० तासांहून कमी काम करणाऱ्यांना बेरोजगार धरले जात असे, आणि २०२० च्या अखेरच्या तिमाहीत बेरोजगारीचा दर ३३.३ टक्के होता. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार नवी पाहणी आली आणि २०२२ च्या अखेरच्या तिमाहीचा दर ५.३ टक्के जाहीर झाला. या दोन आकड्यांना जोडणारी रेषा आलेखावर काढणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय.

व्याख्या जुळल्यावर आकार का वेगळा आहे याचा शोध घ्यावा, आणि त्यासाठी पाकिस्तान व जपान ही जोडी उत्तम आहे. पाकिस्तानच्या २०२०-२१ च्या पाहणीत श्रमशक्ती, १० वर्षांपासूनची माणसे मोजूनही, सुमारे ७.२ कोटी होती. त्याच सुमारास जपानची सुमारे ६.९ कोटी. लोकसंख्या मात्र पाकिस्तानची जवळपास दुप्पट. याची दोन कारणे आहेत. पाकिस्तानातील एक-तृतीयांशाहून अधिक लोक १५ वर्षांखालील आहेत, तर जपानमध्ये असे लोक आठांत एक इतकेच आहेत. शिवाय पाकिस्तानच्या पाहणीत स्त्रियांचा सहभाग दर जेमतेम २१ टक्के आहे, तर जपानमध्ये निम्म्याहून अधिक प्रौढ स्त्रिया श्रमशक्तीत आहेत. म्हणूनच श्रमशक्तीच्या आकड्याशेजारी नेहमी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: १५ वर्षांखालील लोकसंख्येचा वाटा, पुरुषांचा सहभाग दर आणि स्त्रियांचा सहभाग दर. त्यांच्यावाचून क्रमवारी जवळपास लोकसंख्येचीच नक्कल ठरते.

लहान देशांबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी. या पाहण्या साधारणपणे रहिवासाच्या आधारे मोजतात. रत्नागिरीहून किंवा गोव्याहून कतारला जाऊन तेथे स्थायिक कामगार म्हणून राहणारा माणूस कतारच्या श्रमशक्तीत येतो, भारताच्या नव्हे. कतारचा सहभाग दर जगात सर्वाधिक दरांपैकी एक दिसतो, तो तेथील लोकसंख्येत अशा कमावत्या वयाच्या परदेशी पुरुषांचा भरणा असल्यामुळे. लक्झेंबर्गमध्ये परिस्थिती उलट आहे. तेथील जवळपास निम्मे नोकरदार रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून ये-जा करतात आणि ते आपापल्या देशांच्या श्रमशक्तीत मोजले जातात.

शेवटी आकड्यांचे रूपांतर व मांडणी. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत संख्या दशलक्षांत असतात. दशलक्षांना दहाने भागले की कोटी मिळतात, आणि एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. ही साधी पायरी चुकल्याने दहापट फुगलेले आकडे छापील मजकुरातही आढळतात, म्हणून एकदा पडताळा घ्यावा: संपूर्ण जगाची श्रमशक्ती साधारण साडेतीनशे ते पावणेचारशे कोटींच्या दरम्यान आहे आणि तिच्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे एकट्या चीन व भारतात आहेत. आपला हिशेब या चौकटीत बसत नसेल, तर एकक तपासावे. तुलना लिहिताना मग वाक्य असे असावे: "आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रारूपाधारित अंदाजानुसार, १५ वर्षे व त्यावरील वयोगटात, २०२३ मध्ये भारताची श्रमशक्ती ६० कोटींच्या आसपास आणि अमेरिकेची १७ कोटींच्या आसपास होती." स्रोत, वयोगट, वर्ष आणि अंदाजाचे स्वरूप या चारही गोष्टी त्या एका वाक्यात आल्या आहेत, आणि वाचकाला तोच तक्ता उघडून ते पडताळता येते.