पहिल्या क्रूझसाठी बाल्कनीची खोली घेताना या चुका टाळा

आई-वडिलांसाठी मुंबई-गोवा क्रूझची खोली घेताना मी ‘बाल्कनी’ हा शब्द आणि भाडे एवढेच पाहिले. त्या खोलीचा क्रमांक जहाजाच्या नकाशावर नेमका कुठे पडतो, हे पाहिलेच नाही. पडदा सारला तेव्हा समोर लाइफबोटीचे केशरी छत आणि तिचे जाड दोर होते, आणि रत्नागिरीत जन्म काढलेल्या वडिलांना समुद्र पाहण्यासाठी कठड्यावरून मान वाकडी करावी लागली. अशा खोल्या बहुधा थोड्या स्वस्त असतात आणि त्यांच्या वर्णनात दृश्य अंशतः झाकलेले असल्याचे नमूदही असते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून आपल्या क्रमांकाच्या समोर, वर आणि खाली काय आहे ते तपासावे. फार मोठ्या जहाजांवर काही बाल्कन्या समुद्राकडे नव्हे, तर जहाजाच्या आतल्या चौकाकडे उघडतात, हेही लक्षात ठेवावे.

‘जितके वर, तितके चांगले’ हा समज तर नवख्या प्रवाशाला फारच महागात पडतो. जहाज लाटांवर पुढे-मागे झुलते तेव्हा नाळेकडची, म्हणजे पुढची, आणि मागची टोके सर्वाधिक वरखाली होतात, आणि कडेला कलते तेव्हा वरच्या मजल्यांना हेलकावा अधिक बसतो. आपल्याकडे जुन्या आगबोटीने मुंबई गाठणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना बोट लागायची; घरात तसा कुणी असेल तर जहाजाच्या मध्यभागातील, शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची बाल्कनी घ्यावी. मोकळी हवा आणि स्थिर क्षितिज यांनी मळमळ कमी होते, आणि माझ्या मते बाल्कनीवर जादा पैसे खर्च करण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

बाजू निवडतानाही घाई होते. मुंबईहून गोव्याकडे जाताना कोकण किनारा डावीकडे आणि सूर्यास्त उजवीकडे असतो, परतताना नेमके उलट. मात्र जहाज किनाऱ्यापासून बरेच दूर आणि मुख्यतः रात्री चालत असल्याने सुवर्णदुर्ग किंवा विजयदुर्ग खोलीतून दिसेल या आशेने डावी बाजू घेऊ नये. सूर्यास्त हवा असेल तर जाताना उजवी बाजूच बरी.

पोहण्याच्या तलावाखालची खोली टाळावी, कारण तिथे पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. बाल्कनीचे दार उघडे ठेवल्यास एसीची थंडी निघून जाते आणि आपल्या दमट हवेने आरशावर, जमिनीवर ओल धरते. ओले कपडे कठड्यावर वाळत घालू नयेत. वाऱ्याने ते थेट समुद्रात जातात.

खोली चुकलीच, तर चढल्याबरोबर स्वागतकक्षात जाऊन बदल मागावा, कारण रिकाम्या राहिलेल्या खोल्या तिथेच कळतात. आम्ही दुसऱ्या दिवशी विचारले, तोवर एकही उरली नव्हती.