तलावात उतरताना कमरेला शिसं किती?

तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा शिकताना ठरलेलं, खाली जाण्यासाठी कमरेच्या पट्ट्याला लावायचं शिशाचं वजन गोसीखुर्दच्या जलाशयात जसंच्या तसं बांधू नका. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे ते माणसाला जास्त उचलून धरतं. तुम्ही, सूट, सिलिंडर आणि पट्टा मिळून १०० किलो भरत असाल, तर इथे शिसं साधारण अडीच किलोनं कमी करा.

हा झाला अंदाज. खात्री पाण्यातच होते. बुडीच्या शेवटी, सिलिंडरमधल्या हवेचा दाब ५० बारपर्यंत उतरला की सोबत्याला जवळ ठेवून, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारं तोंडातलं साधन) तोंडात धरून पाण्यात सरळ उभे तरंगा. तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमधली सगळी हवा सोडा. नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा, पाय मारू नका. पाणी डोळ्यांपर्यंत आलं आणि श्वास सोडताच हळूहळू खाली गेलात, तर वजन बरोबर आहे. भरलेल्या सिलिंडरवर तपासलं तर आणखी दोनेक किलो शिसं धरा, कारण बुडीत जवळपास तेवढ्या वजनाची हवा संपते आणि शेवटी तुम्ही हलके होता.

धीर म्हणून जास्तीचं शिसं बांधणं मला अजिबात पटत नाही. आपल्याकडच्या तलावांत तळाशी गाळ असतो. जड माणूस टेकला, की गाळ उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही. गावच्या बचाव पथकातल्या पोरांना हे आवर्जून सांगा. सूट बदलला, की चाचणी पुन्हा करा. पट्ट्याचं बकल एका हातानं, एका झटक्यात सुटतं ना, तेही उतरण्याआधी पाहा.