सिमेंटच्या भट्टीत पऱ्हाटी जाळताय? या चुका टाळा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना-गडचांदूर पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आणि कपाशीची शेतं शेजारी-शेजारी आहेत. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या), तुराट्या कोळशासोबत जाळाव्यात हे तिथे कुणालाही सुचेल. गोची पुढे होते.

सगळ्यात महागडी चूक वजनकाट्यावर होते. माल टनावर घेतला जातो, ओलावा कुणी मोजत नाही. पूर्ण वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे साधारण 4000 किलोकॅलरी धरा. 12 टक्के ओलावा असेल तर हाती सुमारे 3450 येतात. 40 टक्के असेल तर जेमतेम 2150, कारण उरलेल्या उष्णतेतूनही पाण्याची वाफ करावी लागते. ती वाफ ओढताना पंख्याची ताकद संपते, क्लिंकर (भट्टीतून निघणारे भाजलेले गोळे, जे दळून सिमेंट होतं) घटतं आणि बोलणी खातो भट्टीवाला! तेव्हा गेटवरच नमुना तपासा आणि दर उष्णतेवर ठरवा. शेतकऱ्यालाही हे आधीच सांगा. चांगला भाव मिळणार असेल तर तो माल बांधावर वाळवूनच आणेल. पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो, हा वरचा फायदा.

ओल्या पऱ्हाटीचा भुगा करून उंच ढीग लावू नका. तो आतून तापतो, धुमसतो आणि पेटतोही. मुळासकट उपटलेली असेल तर माती झटकून घ्या, नाहीतर कटरची पाती आठवड्यात बोथट होतील.

हिशेबही आधी करा. रोज 3000 टन क्लिंकर काढणाऱ्या भट्टीत फक्त 10 टक्के उष्णता पऱ्हाटीची द्यायची म्हटली, तरी रोज साठेक टन सुका माल लागतो. वेचणीचा हंगाम संपल्यावर तो कुठून आणणार?

भाताचं तूस वाळलेलं आणि बारीक असतं, म्हणून सोपं वाटतं. पण त्यात 15 ते 20 टक्के राख असते आणि ती जवळपास सगळी सिलिका. ती क्लिंकरमध्येच मिसळते. कच्च्या मिश्रणात चुनखडीचं प्रमाण आधीच वाढवलं नाही, तर प्रयोगशाळेचे आकडे घसरतात आणि दोष खाणीवर जातो.

आता बिघाड ओळखायचा कसा? भट्टीआधी कच्ची पावडर गरम वायूंनी तापवणारी नरसाळी म्हणजे सायक्लोन, आणि भट्टीआधीच इंधन जाळून चुनखडी भाजणारं पात्र म्हणजे कॅल्सायनर. तळच्या सायक्लोनचं तापमान कॅल्सायनरपेक्षा चढलं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढला, तर पऱ्हाटीचे तुकडे जाड आहेत आणि उशिरा जळताहेत. बारीक कापा, पऱ्हाटी कमी सोडा. सायक्लोन वारंवार तुंबत असेल तर पेंढा किंवा पाचट किती जातंय ते पाहा. त्यातलं पोटॅश आणि क्लोरीन भट्टीत वाफ होऊन वर येतं आणि थंड भागात चिकटून थर धरतं. नुसतं खोदून काढलं तर दोन दिवसांत पुन्हा तेच. तळच्या सायक्लोनमधून येणाऱ्या गरम पावडरीतलं क्लोरीन रोज तपासा. चढायला लागलं की पेंढा थांबवून पऱ्हाटीवर या.